आडवा आठ

"एक गडी बाद झाला होता." विक्रम नोंदवणाऱ्या मंडळाच्या डनहॅमबाईंनी जुन्या धावफलकाच्या प्रतीवर बोट ठेवलं. "तुम्ही चेंडू टाकत असताना."

एमिल हवरानेकने हातातला खसखशीचा कोलाच, तो गोड पाव, बशीत ठेवला. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकायला, तो एकदाच उतरला होता, बासष्ट वर्षांपूर्वी. खात्यावर धावा तीन, बाद कुणी नाही. पिचरची सरासरी म्हणजे दर सत्तावीस बादांमागे दिलेल्या धावा; बादच नसेल तर ती निघतच नाही, म्हणून विक्रमांच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे अनंताची खूण होती, आडव्या पडलेल्या आठासारखी. गावाने लगेच त्याचं नाव 'आडवा आठ' पाडलं. त्याच्या टेनपिन बोलिंगच्या संघाने तर शर्टावरही तेच शिवून घेतलं.

"आता तिथे काय छापणार?" बेकरीवाल्या स्टॅनने काउंटरवरून विचारलं.

"एक्याऐंशी."

"एक्याऐंशी! अहो बाई, नुसता वाईट पिचर कुठेही मिळतो. आमचा आठ कशाला काढून घेता?"

एमिलला हसावं की रडावं कळेना. तो डाव त्याने हजारदा आठवला होता. तिघांना फुकट पहिल्या तळावर पाठवलं, चौथ्याने फटका मारला, मॅनेजरने हातातून चेंडू काढून घेतला. यात बाद होणारा कुणी नव्हताच. मग हा आला कुठून?

"त्या फटक्यावर दोघं घरच्या तळावर पोचले, दोन धावा झाल्या," बाई सांगत होत्या. "तिसरा मात्र तिसऱ्या तळावर सापडला, बाद झाला. मैदानाच्या टोकावरून तुमच्या खेळाडूची काय फेक होती! फटका मारणारा नंतर घरी आला, ती तुमच्या खात्यावरची तिसरी धाव. धावफलक लिहिणाऱ्याने ते बाद चुकून तुमच्यानंतरच्या पिचरच्या नावावर टाकलं. दुरुस्तीसाठी मंडळाला तुमचा शब्द हवाय. पाहिलंत ना तुम्ही?"

एमिलने कागद बाईंकडे परत सरकवला.

"नाही, बाई. मी बुटांकडे बघत होतो."

"अरे, हो म्हण की लेका!" आता स्टॅनच काउंटर सोडून पुढे आला. "इतक्या वर्षांनी एक गडी मिळतोय तुला!"

"काहीतरी आठवत असेल," बाई हळूच म्हणाल्या.

"लोक ओरडले होते." एमिलने टोपी काढून मांडीवर ठेवली. "सगळं मैदान. आमचंच मैदान होतं." त्याने आधी बाईंकडे पाहिलं, मग स्टॅनकडे.

"मला वाटलं, मला हाकलतायत."