न्हाणीघराचा झरोका

कोर्टाच्या पायऱ्या चढताना नीलिमानं नवऱ्याला पुन्हा विचारलं, “कल्लाप्पांनी नाही म्हटलं तर?”

“म्हणू दे ना. कोण विश्वास ठेवणार?” नंदकिशोर म्हणाले आणि फाईल छातीशी धरून पुढे झाले.

दोन वर्षं ते त्या घरमालकाच्या मागे हात धुऊन लागले होते. मल्लेश्वरममध्ये कल्लाप्पाच्या घरात, वरच्या मजल्यावर, त्यांनी बारा वर्षं भाड्यानं काढली. त्यांची लेक मैत्रेयी तिथेच लहानाची मोठी झाली, आणि त्र्याण्णवच्या डिसेंबरात, एकोणिसाव्या वर्षी, तिथल्याच न्हाणीघरात गेली. गॅसचा गीझर चालू, दार बंद. आत साचलेल्या विषारी वायूला ना रंग ना वास. पोर झोपल्यासारखी पडली होती.

नंदकिशोर तेव्हा कारखान्याच्या कामासाठी नागपूरला गेलेले. धावत आले आणि न्हाणीघरात शिरून आधी त्यांनी वर पाहिलं. झरोक्यावर प्लायवुडचा तुकडा खिळे मारून बसवलेला. आठ दिवसांपूर्वी ते निघाले तेव्हा झरोका चांगला उघडा होता. हे त्या कल्लाप्पाचंच काम, ते म्हणाले. नीलिमा काही बोलली नाही. तिला बोलायचं भान तरी कुठे होतं?

मंजूर नकाशात तो झरोका कायम उघडा दाखवलेला. ज्यानं तो बुजवला तो तुरुंगात जाणार, इतकं ते सरळ होतं. पण नंदकिशोरांना तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. हा वायू ओळखून बोंब मारणारं यंत्र घराघरात लावायचा कायदा शिकागोत झालाय, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. तसाच कायदा इथे व्हावा म्हणून अर्जांमागून अर्ज खरडले. तिकडे भिंतीवर यंत्र लावतात आणि इथे मेल्यांना एक भोक उघडं ठेवता येत नाही, असं येईल-जाईल त्याला ते सांगत.

सोडून द्या आता, पोर काही परत येत नाही, असं नीलिमा कितीदा म्हणाली. ते म्हणायचे, तुझं काळीज लोण्याचं. तिची तर झोपच उडाली होती. कल्लाप्पा कोर्टात काय सांगणार, हाच एक घोर. म्हाताऱ्यानं खटला उभा राहिल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. मैत्रेयीला तो लाडानं ‘मगळे’ म्हणायचा, लेकी म्हणायचा. ती गेल्यावर नीलिमा दिसली की मान खाली घालून आत वळायचा. चोराच्या मनात चांदणं, नंदकिशोर म्हणायचे.

म्हाताऱ्याच्या वकिलानं आज त्याला पढवून आणलं होतं. खिळे मारताना बघितलेला एकही साक्षीदार नव्हता. नुसतं नाही म्हणाला असता तरी म्हातारा सुटला असता.

न्यायाधीशांनी कन्नडमध्ये विचारलं, झरोका कुणी बंद केला? कल्लाप्पानं कठडा धरला. मग मान वळवून त्यानं नीलिमाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

“मीच ठोकलं, स्वामी,” तो म्हणाला. “पावसाचं पाणी आत यायचं. वरच्या लोकांना काही ठाऊक नव्हतं.”

वकिलानं कपाळाला हात लावला. समजून बोलताय ना, असं न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं. मग पोलिसांनी त्याला दंडाला धरून बाजूला नेलं.

नंदकिशोरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी बायकोचा हात घट्ट धरला. “पोरीला न्याय मिळाला गं.”

समोरच्या गच्चीवरची पोरं न्हाणीघरात डोकावतात म्हणून मैत्रेयी रडत आली, त्या दिवशी हातोडी आणि खिळे मागायला नीलिमा खाली कल्लाप्पाकडेच गेली होती.