कॉफीच्या भांड्यातला कौल

"सह्या आधी करून टाका," नोटरीबाई म्हणाल्या. "दाणे मागाहून बघा. वारा वाढला तर पूल बंद होईल आणि मी इथेच अडकून पडेन. काळा निघाला तर तुमच्या डोळ्यांदेखत कागद फाडते. मग तर झालं?"

मिर्नाने पहिली सही केली. मग लोरिसने केली. बेपोने शेवटी केली, आणि पेन असं दाबलं की कागद फाटायचाच बाकी राहिला.

"झाग्रेबला वारा म्हणजे काय, पंख्याचा," तो भिंतीवरच्या पडद्याकडे बघून म्हणाला. "यांना बुरा काय कळणार!"

व्हिडिओ कॉलवरची, विकत घेणाऱ्या कंपनीची बाई मूळची झाग्रेबचीच होती. ती हसली. तिला हसायचाच पगार होता.

रियेका बंदरावरच्या या दोन खोल्यांत तिघांनी मिळून 'श्कुरा' नावाचं अ‍ॅप उभं केलं होतं. श्कुरा म्हणजे खिडकीची लाकडी झडप. डोंगरावरून बुरा, म्हणजे इथला वादळी वारा, सुटणार असला की लोकांच्या फोनवर एक झडप धाडकन मिटायची. मग मच्छीमार होड्या आत ओढायचे आणि बायका दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या. किनाऱ्यावरच्या शेकडो म्हाताऱ्यांनी वारा मोजायची डबी आपापल्या खिडकीत लावून घेतली होती. मिर्नाचे वडील तर झडप बघितल्याशिवाय होडीला हात लावत नसत. एकदा बुराने त्यांना होडीसकट दूर नेलं होतं. वाचले ते नशिबाने.

आता ती बडी कंपनी सगळंच विकत घेणार होती. तिघांना म्युनिकला मोठ्या हुद्द्याच्या नोकऱ्या मिळणार होत्या आणि उन्हाळ्यात श्कुरा बंद होणार होतं. कंपनीला माणसं हवी होती, झडप नको होती. बातमी फुटल्यापासून खालच्या न्हाव्याने लोरिसचे केस कापायचं सोडलं होतं.

त्यांचा नियम पहिल्या दिवसापासूनचा होता. निर्णय मोठा असला की प्रत्येकाने घेवड्याचा एक पांढरा दाणा आणि कॉफीचा एक काळा दाणा घ्यायचा, एकेकट्याने स्वयंपाकघरात जायचं आणि कॉफीच्या भांड्यात दोनपैकी एक टाकायचा. एक जरी काळा निघाला तरी बेत रद्द. आणि तो कुणाचा, हे कुणी कधी विचारायचं नाही. या शेवटच्या अटीमुळेच तिघांची मैत्री टिकली होती.

"मी जिवंत आहे तोवर ही झडप कुणाच्या बापाला बंद करू देणार नाही," बेपो आठवडाभर ऐकवत होता. पुलावर, बाजारात, दारूच्या गुत्त्यात. लोरिस आत आला की मात्र तो गप्प व्हायचा. लोरिसच्या लेकीचा तो धर्मपिता होता. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं.

लोरिस मिर्नाच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या फोनवर बायकोने पाठवलेला म्युनिकमधल्या एका घराचा फोटो होता.

"क्लाउदियाने बघून ठेवलंय. मागे बाग आहे."

"छान आहे. तुला आवडलं?"

"शाळा समोरच आहे. पोरीला चालत जाता येईल."

"तुझं विचारतेय मी, लोरिस."

"तीन वर्षं पोटमाळ्यावर काढलीत आम्ही, मिर्ना," तो म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला. "जा, तुझा नंबर पहिला."

मिर्ना आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. खिडकीची तावदानं थडथडत होती. दोन दाणे मुठीत धरून ती उभी राहिली. तिला श्कुरा विकायचं नव्हतं. पण काळा टाकायचा म्हणजे त्या पोरीच्या तोंडचा घास काढून घ्यायचा. ते पाप आपल्या हातून कशाला?

बेपो होताच की. बेपो काळा टाकणार हे बंदरातल्या मांजरांनासुद्धा ठाऊक होतं. नियमाला एक काळा पुरे. मग तिने वाईटपणा कशाला घ्यायचा?

तिने पांढरा टाकला. लोरिसला पुढे काय सांगायचं तेही मनात जुळवून झालं: मी तर पांढराच टाकला होता रे. हे खरं असणार, याचंच तिला जास्त बरं वाटलं.

मग लोरिस आत गेला आणि लगेच बाहेर आला. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. बेपोला मात्र बराच वेळ लागला. तो भांडं घेऊनच बाहेर आला. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि त्या रागावलेल्या तोंडाकडे पाहून मिर्नाला एकदम धीर आला.

"उलटा," पडद्यावरची बाई म्हणाली. तिचं हसू आता जरा आखडलं होतं.

बेपोने भांडं टेबलावर उलटं केलं. एक पांढरा दाणा घरंगळत आला. त्याच्यामागे दुसरा पांढरा.

मग तिसरा, तोही पांढरा.

बेपोने भांड्याच्या बुडावर चापट मारली. पुन्हा मारली. मग भांडं सरळ करून त्याने आत डोकावलं.

"तिन्ही पांढरे," नोटरीबाई म्हणाल्या. "कुणाची हरकत?"

मिर्नाने बेपोकडे पाहिलं. बेपोने तिच्याकडे पाहिलं. नोटरीबाईंनी थोडं थांबून पाहिलं, घड्याळ बघितलं आणि तिन्ही कागदांवर शिक्के मारले. पडद्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नोटरीबाईंनी कोट चढवला आणि त्या जिन्याने उतरून गेल्या.

बेपो मटकन खुर्चीत बसला. त्याने लोरिसच्या पाठीवर हात ठेवला.

"जाऊ दे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुझ्या तरी मनासारखं झालं ना?"

"माझ्या मनासारखं?" लोरिस म्हणाला. "अरे, काळा टाकायला तुम्ही दोघं होतात ना?"