नुसती बघायची फुलं

आबांचा, माझ्या वडिलांचा, तो शेवटचा दिवसही रोजच्यासारखाच उजाडला. खिडकीतल्या कुंडीखालच्या ताटलीत त्यांनी पाणी ओतलं. वरून घातलं की या झाडाची मऊ पानं डागाळतात. मिशनच्या मडमेकडून एकच पान मागून आणून त्यांनी ते रुजवलं होतं.

शेजारच्या छबुबाई दारातूनच हसल्या, "आबा, ही जांभळी फुलं ना देवाला, ना डोक्यात. कशापायी पोसता?"

"म्हणून तर पोसतो. नुसतं बघायला कुणाची आडकाठी न्हाई."

मी पुस्तकातून मान वर केली नाही. कुंकू पुसलं गेल्यापासून मी सगळ्यांना सांगत आले होते, मला फुलं आवडतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच आबा गेले. तेरावं उरकल्यावर मी कुंडीजवळ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "आबा, मला फुलं लई आवडतात."