पाहुण्याचं मागणं

मनात आणलं तर जगातला कुठलाही पार्ट मिळतो, असं आमच्या गावचा तोक्तार अकरा वर्षं सांगत होता. तेवढीच वर्षं त्याचा लोखंडी पट्ट्यांवर चालणारा जुना ट्रॅक्टर एका डिझेलपंपावाचून उभा होता.

शेवटी पंप निघाला गावातल्याच सार्सेनच्या भंगार ट्रॅक्टरात. पाहुण्याने मागितलेलं आम्ही कझाक नाकारत नाही. तोक्तार त्याच्याकडे चहाला गेला आणि पंप घेऊन आला. इंजिन धडधडलं, तसं क्षितिजापर्यंतचं गवत हळूहळू आपल्याकडे चालत येतंय, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सार्सेन चहाला आला. डोळे मिटून इंजिन ऐकत म्हणाला, "गड्या, आज मी पाहुणा. मागू?"

ट्रॅक्टर गेलाच, असं धरून तोक्तार म्हणाला, "माग बाबा."

"बंद नको करूस. ड्रायव्हर होतो तेव्हा याच आवाजात झोप लागायची. जरा डुलकी काढतो."