अमिबाची जुनी स्लाइड

राळेगावकडच्या एका कॉलेजात अमिबाची एकच स्लाइड होती. मेलेल्या एकाच अमिबाला रंग देऊन काचेखाली कायमचं बंद केलेली, राजदीप सर स्वतः शिकत होते तेव्हापासूनची. म्हणून समीक्षाच्या चित्रात दोन अमिबे पाहून सरांना संशय आला. पोरगी दिवाळीपासून कापूस वेचायला जात होती, प्रॅक्टिकलला आजच उगवली होती.

“गाइडातून उतरवलं नं?”

“नाही सर. मले दोनच दिसून राह्यले.”

“मेल्याचे दोन होतेत का कधी?”

सरांनी चिडून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन होते. दोघांचेही पाय सरांच्याच बाजूला पसरलेले.

त्यांनी स्लाइड काढली, पुसली, टोकं उलटी फिरवून लावली आणि परत आत पाहिलं.

दोघांनी पाय आखडून घेतले आणि सावकाश पुन्हा सरांकडे पसरले.