गौरीची पावलं

न्हाणीघरातून आलेल्या रेवाची ओली पावलं फरशीवर उमटली, आणि गौरीच्या तयारीला मदत करायला आलेल्या शेजारच्या प्रमिलाकाकूंनी नाक मुरडलं.

“अगं बाई, तळपायाला खळगाच नाही! असल्या फताड्या पायांनी घरात गौर आणायची? त्यापेक्षा धाकटीला आणू दे.”

वर्षभर या मानाची वाट पाहिलेल्या रेवाने पावलं परकराखाली ओढून घेतली.

माईंनी कुंकवाच्या पाण्यात स्वतःचा पाय बुडवला आणि नातीच्या ठशाशेजारी टेकवला. टाचेपासून बोटांपर्यंत भरलेलं, सपाट, लाल पाऊल उमटलं.

“लग्न झाल्यापासून याच पायांनी गौर आणली, प्रमिला. घराचं काही वाकडं झालं?”

प्रमिलाकाकू फुलं निवडू लागल्या.

“रेवा, मुखवटा घे,” माई म्हणाल्या. “आणि परकर जरा वर धर. पावलं दिसली पाहिजेत.”