भागीरथीबाईंची नोंद

१८७१ च्या खानेसुमारीत भागीरथीबाई चोवीस वर्षांच्या होत्या, १८८१ मध्ये एकतीस आणि १८९१ मध्ये छत्तीस. तिन्ही वेळा दारात वही घेऊन उभा राहिलेला सरकारी माणूस त्यांचा नवराच होता.

“मी सांगितलं तें तुम्ही लिहिलंत,” भागीरथीबाई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या. “आतां मज कां विचारतां?”

रघुपतरावांनी कपाळाला हात लावला. येत्या शुक्रवारी त्यांची साठीशांत. तंजावुरात साठीला नवरा-बायकोचं पुन्हा एकदा लग्न लावतात, आणि त्या मांडवात ते आपल्या घराण्याचा वृत्तान्त वाचून दाखवणार होते. एकोजीराजांबरोबर दक्षिणेत उतरलेल्या मूळ पुरुषापासून थेट स्वतःपर्यंत. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं घासल्यामुळे दोन कागदांचा पुरावा असल्याशिवाय ते कोणाला जन्माला घालत नसत की कोणाचं लग्न लावत नसत. सगळे पूर्वज आपापल्या जागी बसले होते. अडली होती ती एकटी बायको.

“लग्नात मी आठ वर्षांची होत्यें एवढं खरं. बाकी तुमचं तुम्ही शोधा. कोणाला सांगूं? माझ्या हातानं ओढवून घेतलं मी हें.”

हे शेवटचं वाक्य भागीरथीबाई दिवसातून दोनदा म्हणत. रघुपतरावांच्या ते अंगवळणी पडलं होतं.

ते उठले आणि वैद्यनाथभटांकडे गेले. भटजींच्या वडिलांनी लावलेल्या प्रत्येक लग्नाची मोडीतली नोंद त्यांच्या घरी होती. तंजावुरचं राज्य खालसा झालं त्या साली, म्हणजे १८५५ मध्ये, एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर दोन सख्ख्या बहिणींची लग्नं झाली होती. ते पान सापडलं. रघुपतरावांनी वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

चिरंजीव रघुपती यांस धाकटी कन्या कामाक्षी. चिरंजीव वेंकटराव यांस थोरली कन्या भागीरथी.

त्यांच्या घराण्यात सुनेचं नाव बदलायची रीत नव्हती. भागीरथी ही माहेरीही भागीरथीच होती. कामाक्षी तिची धाकटी बहीण, आणि वेंकटराव म्हणजे रघुपतरावांचे साडू.

“भटजी, हें काय?”

वैद्यनाथभटांनी पान डोळ्यांजवळ धरलं. “बाबा आदल्या दिवशीच पत्रिका बघून लिहून ठेवीत. पोरी एवढ्याशा, डोक्यावरून शेले घेतलेल्या. दोन पाट, दोन अंतरपाट, दीडशे माणसांचा गोंधळ. कोणीतरी भलतीला भलत्या पाटावर बसवली असेल.”

“आणि कोणी कांही बोललं नाही?”

“माळा पडल्यावर काय बोलणार? मुलीच्या बापानं मुकाट्यानं गिळलं असेल.”

“म्हणजे माझं लग्न...”

“सप्तपदी कोणाबरोबर चाललांत?”

“हिच्याबरोबर.”

“मग झालं तर! कापी घ्या.”

धर्माचा प्रश्न सुटला, पण रघुपतरावांची कॉफी पेल्यात तशीच निवून गेली. वेंकटराव तहसीलदार होऊन निवृत्त झाले होते. कुंभकोणात त्यांचं दुमजली घर होतं, दारात घोडागाडी होती. हे सगळं भागीरथीचं होतं. कोणाच्या तरी चुकीने ती एका कारकुनाच्या दोन खोल्यांत येऊन पडली, सहा मुलं वाढवली आणि सेहेचाळीस वर्षं भेंडी चिरत बसली. सांगावं, तर तिच्या जिवाला घोर. न सांगावं, तर तिच्या शेजारी पुन्हा पाटावर बसायचं कसं? बायकोवर आपला एवढा जीव आहे, हे त्यांना साठाव्या वर्षी, भटजींच्या ओसरीवर कळलं, आणि ते घाबरले.

गुरुवारी आगगाडीने कुंभकोणची मंडळी आली. कामाक्षीबाईंच्या अंगावर सोनं मावत नव्हतं. वेंकटराव उतरल्या उतरल्या उन्हाला, हमालाला आणि सांबाराला नावं ठेवून मोकळे झाले. घरात पोरासोरांचा नुसता धुडगूस चालला होता. रघुपतराव मात्र नातवाने मिठी मारली तरी दचकत होते.

शुक्रवारी सकाळी नागस्वरवाले मांडवात सूर लावू लागले, तेव्हा त्यांना राहवेना. भागीरथीबाई माजघरात नवी नऊवारी नेसून केसांत मोगरा माळत होत्या.

“अगं, एक सांगायचं आहे.”

“जोडे कोनाड्यांत आहेत.”

“तें नव्हे. तूं बस आधी.”

त्या बसल्या नाहीत. रघुपतरावांनी उभ्या उभ्याच भडाभडा सगळं सांगितलं. वही, दोन पाट, कुंभकोणचं घर, घोडागाडी. “तुझं ठरलं होतं तें वेंकटरावांशी. चूक कोणाची तें आतां कळायचं नाही. पण तुझं नुकसान झालं, भागीरथी. माझा फायदा झाला आणि तुझं नुकसान. तूं म्हणशील तर मी आज पाटावर बसत नाही.”

भागीरथीबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की माळलेला गजरा सुटून खांद्यावर आला.

“अय्यो! चूक कसली?” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “आदल्या दिवशी जानवशांत तुम्हांस पाहिलं होतं मी. जोडे पायांत घालून जोडे शोधत होतां. म्हटलं, ह्यांना सांभाळायला कामाक्षी पुरायची नाही. माझी बाहुली तिला दिली, आणि तिच्या पाटावर मी जाऊन बसल्यें.”